सकाळी काढते केर

दारातल्या गालिच्यावर तू बसलीस, पाय पुढं केलेस आणि मी तुझे बूट ओढले. आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. बूट सुलभाचे, कॅनव्हासचे, तुला बोटभर मोठे, म्हणून पुढं कापूस कोंबलेला. लुगड्याखाली ते बूट घालून तू दिवसभर त्या सोन्याच्या गावात हिंडलीस. डावा निघाला, उजवा काही निघेना. मी जोर लावला तशी तू म्हणालीस, "अवं, पाय हाय तो. विहिरीतला धोंडा न्हवं." मग निघाला आणि बुटातनं भसकन वाळू सांडली. लुगड्याच्या काठातनंही सांडली. विजूच्या त्या पांढऱ्या गालिच्यावर बारीकसा ढीग झाला.

सुलभा व्हॅक्यूम आणायला निघाली. सून गुणाची, पण घाण दिसली की तिचा पाय ठरत नाही. तू तिला थांबवलंस. "अगं, दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला केर काढत न्हाईत, लक्ष्मी जाती. ऱ्हाऊ दे तसाच. सकाळी काढते केर."

त्यानंतर तू जे बोललीस ते सगळं दुखण्याचं. धड बोलणं हेच शेवटचं.

विजू म्हणतो, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर लिहा बाबा. जन्म कुठला, माहेर कुठलं, संसार किती वर्षांचा, अमेरिकेत कधी आली, असं. आता तुझा जन्म तुझ्या आईला 'प्लेगाच्या पुढच्या सुगीत' एवढाच ठाऊक होता, तो मी काय लिहू? मी तिसरी शिकलेला माणूस, जन्मभर विहिरी खणल्या. मला लोकांसाठी लिहिता येत नाही. तुलाच लिहितो, ज्याला वाचायचं तो वाचेल. विजूला सांगितलंय, काना-मात्रा सुधार, पण माझा शब्द बदललास तर माझ्याशी गाठ आहे.

त्या गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही. विजूला रविवारी सुट्टी. डिस्नेलँड बघून झालं होतं, लाल पूल बघून झाला होता, आता आई-बाबांना काय दाखवायचं म्हणून त्यानं हे काढलं. डोंगरातलं जुनं गाव, शे-सव्वाशे वर्षांमागं तिथं ओढ्यात सोनं सापडलं आणि सगळं जग तिकडं धावलं. मी म्हटलं, मला काय करायचंय? तू मात्र पहाटेपास्नं उठून दशम्या केल्यास. सोन्याचं गाव म्हटल्यावर तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळायला हवं होतं. मी आपला गाडीच्या मागच्या सीटवर घोरत गेलो.

गाव म्हणजे एक रस्ता. लाकडी फळ्यांचे फुटपाथ आणि विटांची एक जुनी बँक, लोखंडी दारांची. तिचंच म्युझियम केलेलं. आत अंधार, रॉकेलासारखा वास. काचेच्या कपाटात काय ठेवलं होतं, तर खिळे मारलेला फाटका बूट. गंजलेले डबे. दात उपटायची पकड. सोनं तोलायचा काटा. भिंतीला टेकवून एक पहार. ती बघून मला बरं वाटलं, पहार कुठल्याही देशात पहारच. भिंतीवर माणसांचे फोटो. दाढ्या वाढलेल्या, डोळे खोल गेलेले, हसणारा एक नाही. विजू वाचून दाखवत होता, "हा दरडीखाली गेला. हा कॉलऱ्यानं. याला भागीदारानंच मारला." मी म्हटलं, "मग सोनं मिळालं कुणाला?" तो म्हणाला, "फावडी विकणाऱ्यांना." आणि बापलेक हसलो.

तू हसली नाहीस. तू मागंच राहिली होतीस, एका फोटोपुढं. एक बाई, बाह्या वर सारलेल्या, पुढ्यात लाकडी टब, हात कोपरापर्यंत पाण्यात. सगळ्या भिंतीवर एवढी एकच बाई. विजूनं वाचलं. ही खाणीवाल्यांची कपडे धुवायची. कपड्यांतनं निघालेला गाळ टबाच्या तळाशी बसायचा, त्यात सोन्याची कणी असायची.

"नाव काय हिचं?" तू विचारलंस.

"नाव माहीत नाही, असं लिहिलंय आई."

"असं कसं?"

"नसेल कुणी लिहून ठेवलं."

"दात उपटायची पकड जपली आनि बाईचं नाव हरवलं?"

विजूला वाटलं तू विनोद केलास. तो हसून पुढं गेला. मीपण गेलो.

बाहेर अंगणात घोड्याला पाणी पाजायची असते तसली लांब डोणी होती आणि डोणीपाशी टोपीवाला, दाढीवाला एक गडी, जुन्या वेषात. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला लोखंडी ताट द्यायचा, त्यात वाळू, आणि सोनं कसं धुतात ते करायला लावायचा. ताट पाण्यात धरायचं, गोल गोल हलवायचं, हलकी वाळू पाण्याबरोबर वरनं जाते, जड सोनं तळाला बसतं. आपल्या नातीनं, नीनानं केलं, तिला एक कणी सापडली. गड्यानं ती एवढ्याशा बाटलीत पाणी घालून दिली. मग नीना म्हणाली, "आजी, यू ट्राय!"

तू पदर खोचलास. ताट हातात घेतलंस आणि असं हलवलंस की तो गडी टोपी मागं सारून बघायला लागला. तांदूळ रोळायचा हात तुझा. पाण्यात तांदूळ फिरवून खडे तळाशी पाडायचे आणि वरचे तांदूळ अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, लहानपणापासनं तू दुसरं काय केलंस? वाळूची लाट काठापर्यंत यायची आणि एक थेंब सांडायचा नाही. गडी म्हणाला, "ब्युटिफुल, ब्युटिफुल!" लोक जमले. तू वरची सगळी वाळू नीट बाजूच्या बादलीत काढून घेतलीस, तळाला जे मूठभर राहिलं ते झटका देऊन मागं भुईवर फेकलंस, आणि बादली त्याच्यापुढं धरलीस. घे, झालं.

"नो, नो, नो, लेडी!"

"आजी! यू थ्रू अवे द गोल्ड!"

तू माझ्याकडं बघितलंस. "काय म्हनतीया ही?"

"सोनं फेकलंस म्हणतीय. तळाचं ठेवायचं असतं, वरचं टाकायचं."

"तळाला खडं असत्यात."

"तांदळात. हे सोनं आहे."

सगळी माणसं हसत होती, तूपण हसलीस. तोंडाला पदर लावून, डोळ्याला पाणी येईपर्यंत. म्हणालीस, "नाव सोनूबाई आनि हाती कथलाचा वाळा! सोनं हातात आलं तरी मी भिरकावनारच." अर्धं तुझ्याच बुटात गेलं होतं, अर्धं लुगड्यावर. त्या गड्यानं दुसरं ताट देऊ केलं, तू नको म्हणालीस.

मग आपण दोघं बाकावर दशमी खायला बसलो. विजू, सुलभा आणि नीना आइस्क्रीम आणायला गेले. आणि तिथं तू आपलं जुनं भांडण काढलंस. पन्नास वर्षांत कितीदा निघालं असेल ते, पण दर वेळी माझ्याच आवाजानं मिटायचं.

वाचणाऱ्याला सांगायला हवं. लग्नाआधी तुझं नाव केरा होतं. तुझ्या आईची तुझ्या आधीची तीन पोरं गेली. म्हणून तू झालीस तेव्हा सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, केर म्हणून टाकली आणि केर म्हणून परत उचलली. यमाला वाटावं, इथं काही नेण्यासारखं नाही. नाव ठेवलं केरा, आणि तू जगलीस. आमच्या घरात हे नाव चालणार नव्हतं. नवं नाव नवऱ्यानं तांदळात लिहायचं, सोन्याच्या अंगठीनं. अंगठी मामाची, मागून आणलेली. नाव मात्र मी स्वतः काढलं होतं. सोनूबाई. शाळा सुटल्यापास्नं मी अक्षर गिरवलं नव्हतं. लग्नाआधी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत विहिरीच्या काठावर पहारीच्या टोकानं मातीत लिहून लिहून ते बसवलं. तरी ताटात 'नु' ऱ्हस्वच आला. भटजी हसला. तू मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस.

म्हण मला ठाऊक नव्हती असं नाही. पण तिचा आणि आपला काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही बघ. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाया सुरू झाल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तुझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, कथील तरी कुठलं?

ते तू सोसलंस. पण आपली पहिली पोरगी पाळण्यात गेली, तेव्हा तू मला जे म्हणालीस ते मी विसरलो नाही. "आईनं मला लपवून ठेवली हुती. तुमी सोनं म्हनून चारचौघांत मांडली. नजर माझ्यावर हुती, लागली पोरीला." मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडलो. पोरगी दोघांची होती, आणि तू सगळा दोष एका शब्दावर टाकलास, तोही माझ्या शब्दावर. विजू झाला तेव्हा तू धोंडू नाव ठेवायचं म्हणालीस. मी विजय ठेवलं. जगला की! तसं मी बोललोही, विजू जगला की. तू काय म्हणालीस? "तुमच्या नावानं न्हाई जगला. मी मनात धोंडूच म्हनते त्याला. अजून म्हनते." चिप बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर, घरात दोन गाड्या, आणि त्याची आई त्याला मनात धोंडू म्हणते. विजू, हे तुला आत्ता वाचताना कळतंय. असू दे.

तर त्या बाकावर तू दशमीचा घास हातात धरूनच बोललीस.

"ती फोटुतली बाई बघितली?"

"बघितली."

"आई गेली. भाऊ गेला. गावची म्हातारी मानसं गेली. आता माझं नाव ठाऊक असलेला एकच मानूस उरलाय."

मला कळलं होतं कुठं चाललीस.

"एकदा हाक मारा की मला. केरा म्हना."

"चारचौघांत तुला केर म्हणू?"

"हितं कुनाला कळतंय मराठी? ह्या झाडाला?"

"मी जे नाव दिलं ते काय वाईट आहे? मी ते लिहायला शिकलो."

"मग हाक तरी त्या नावानं कुठं मारली? जन्मभर 'अगं' म्हनालात. अगं म्हंजे काय, मांजराला पन म्हनत्यात."

"आपल्यात बायकोचं नाव घेतात का?"

"आपल्यात अमेरिकेला तरी येत्यात का?" आणि मग तू ते म्हणालीस, जे माझ्या कानातनं जात नाही. "मी केर टाकला, तर सोनं गेलं. तुमी केरा टाकली, त्यात काय गेलं ते तुमास्नी ठावंच न्हाई."

तेवढ्यात आइस्क्रीम आलं. माझ्यासाठी आणलेला कोन तूच धरलास, कारण मला दाताला लागतं, आणि अर्धा तू खाल्लास. त्या उन्हात तुझ्या हनुवटीवरनं ओघळ येत होता आणि तू नीनाला जीभ काढून दाखवत होतीस, कुठला रंग आला म्हणून. भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं, बघू. घरी गेल्यावर बघू. तुझ्याशी भांडायला मला कधी वेळ कमी पडला नव्हता.

बूट काढले, चहा झाला. मग तू म्हणालीस, घाम येतोय. मग म्हणालीस, पाठीत कुणी पहार घातल्यासारखं होतंय. विजूनं फोन फिरवला. गाडी आली, दोन तगडे गडी खाट घेऊन आत आले. तू त्यांना हात केलास, मागं सरका. "मी काय म्हातारी हाय का उचलाया?" आणि माझ्या खांद्याला धरून चालत गेलीस, त्या वाळूच्या ढिगाला वळसा घालून, उंबऱ्याच्या बाहेर, दोन पायऱ्या उतरून. मग झोपलीस खाटेवर. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तू या घरातनं आपल्या पायानं गेलीस.

दवाखान्यात त्यांनी तुझ्या बांगड्या काढल्या. एक निघेना, ती कातरली. मनगटात प्लास्टिकची पट्टी घातली, तिच्यावर इंग्रजीत नाव टाइप केलेलं. विजूनं एकेक अक्षर सांगितलं नर्सला. मला इंग्रजी येत नाही, पण तेवढं समजलं. सोनूबाई. मी जन्मभर जे नाव तुझ्या हाती नुसतं म्हणीत दिलं, ते शेवटी खरंच मनगटावर आलं. प्लास्टिकचा वाळा. त्या बायांना पाणवठ्यावर हे सुचलं नसतं.

मला आत सोडलं तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते, पण पापणी हलत होती. विजू होता. नर्स होती. दोन मशिनं होती. मी तुझ्या कानाशी वाकलो. सांगतो ते खरं सांगतो, मी तोंड उघडलं ते तेच म्हणायला. आणि तोंडातनं निघालं, "अगं."

परत म्हटलं, "अगं." जिभेला दुसरी वाटच ठाऊक नव्हती. जन्मभर त्याच खाचेतनं गेलेलं चाक, ऐन वेळेला कसं वळणार? तुझी पापणी हलायची थांबली तेव्हा मी तेच म्हणत होतो. मांजराला पण म्हणतात ते.

तुझ्यावर मला रागही आहे. एवढी घाई का केलीस? एक रात्र थांबली असतीस. आणि माझं सगळंच चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. ज्या पोराला पाटीवर 'क' नीट येत नव्हता त्यानं तुझ्यासाठी मातीत बसून नाव गिरवलं, ते तू कधी एकदा तरी चांगलं म्हणायला हवं होतंस. तूही म्हणाली नाहीस. बरोबरी झाली. पण तू माझ्या खणत्या हाताच्या फोडांवर जात्याखालचं पीठ लावायचीस, विहिरीत सुरुंग लागला की वर काठावर उभी राहून धूर बसेपर्यंत खाली बघत राहायचीस. नाव न घेता. "अवं" एवढंच खाली यायचं, आणि मी वर यायचो. त्या एका हाकेवर मी इतकी वर्षं खोलातनं वर आलो. मला वाटायचं, तुलाही माझं 'अगं' तेवढंच पुरत असेल.

सकाळी आम्ही तुझ्याशिवाय घरी आलो. ऊन पडलं होतं. ढीग तसाच होता दारात, त्याच्या शेजारी तुझे ते बूट, कापूस बाहेर आलेला. विजू फोनवर लागला, गावाकडं ट्रंककॉल, मंडळाच्या लोकांना निरोप. सुलभाचे डोळे सुजलेले. ती आत गेली आणि व्हॅक्यूम घेऊन आली. तिनं ते सुरू केलं.

मी म्हटलं, "बंद कर."

तिला आवाजात ऐकू गेलं नाही. मी भिंतीतनं वायरच ओढली.

"बाबा, लोक येतील भेटायला. दारातच आहे ते."

"माणूस घरातनं बाहेर पडलं की त्याच्या मागं लगेच केर काढत नाहीत."

"बाबा..." ती माझ्याजवळ आली. पुण्यातली पोर, तिला सगळं माहीत असतं. हळू म्हणाली, "ते प्रवासाला जाणाऱ्यांसाठी असतं ना. माणूस सुखरूप परत यावं म्हणून. गेलेल्या माणसाच्या मागे तर घर झाडूनच घेतात."

"ती इथनं जिवंत गेलीय. आपल्या पायानं गेलीय. जिवंत माणसाच्या मागं केर काढायचा नाही."

सुलभानं वायर गुंडाळली आणि यंत्र उचलून आत नेलं.

मग मी खाली बसलो, त्या वाळूशेजारी. गुडघे मोडत नाहीत तरी बसलो. तुझा उजवा बूट, तो हट्टी, मांडीवर घेतला. वाळूत काही चमकत होतं की नाही ते मी बघितलं नाही. बोट टेकवलं. अंगठी नव्हती, नुसतं बोट. पहिलं अक्षर नीट आलं, दुसऱ्याचा काना थोडा वाकडा आला.

आणि मग मोठ्यांदा हाक मारली. विहिरीच्या तळातनं वर मारतात तशी.

विजू फोन हातात धरून बाहेर आला. घाबरला होता. "बाबा, काय झालं? ही केरा कोण? कुणाला हाक मारताय?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला."